डब्यातली फी

गुरुवारच्या लीगमधलं कोणी अडचणीत आलं की वर्लिन स्टोलमनच्या बोलिंग अ‍ॅलीत काउंटरवर वर्गणीसाठी कॉफीचा रिकामा डबा ठेवायचा, हा नेब्रास्कातल्या त्या गावाचा रिवाज. यंदा डबा खुद्द वर्लिनसाठी ठेवावा लागला. कर्जात बुडालेला धंदा सावरायला त्याने कोर्टाकडून मुदत मिळवली होती आणि वकीलबाई नोरीन पचेको त्याच्यासाठी झटत होत्या. त्यांच्या फीसाठी लोकांनी डबा काठोकाठ भरला.

आणि या भल्या माणसाने काय करावं? उद्या कोणी बोट दाखवायला नको म्हणून सगळे पैसे अ‍ॅलीच्याच खात्यात भरले! प्रामाणिकपणालाही काही सुमार असतो. पुढे धंदा काही सावरला नाही. अ‍ॅली आणि ते खातं, दोन्ही घेणेकऱ्यांत वाटायला कोर्टाने नेमलेल्या ट्रस्टीकडे गेली. वर ट्रस्टीने आरोप ठेवला, की वर्लिनने बोलिंगच्या पिना उभ्या करणारी दोन यंत्रं लपवली. तो टिकला तर कर्जमाफी बंद. साठी ओलांडलेल्या वर्लिनला मरेपर्यंत फेडत बसावं लागणार. यंत्रं भंगारात गेली होती आणि ते कोर्टाला पटवून देणं नोरीनबाईंनाच जमलं असतं.

"ते पैसे लोकांनी माझ्या फीसाठी दिले होते, साहेब," नोरीनबाई आपल्या फीच्या अर्जावर कोर्टात म्हणाल्या. "अशी फी कोणाला मिळेल, त्या यादीत कायद्यात पूर्वी कर्जदाराच्या वकिलाचंही नाव होतं. दुरुस्ती करताना ते राहून गेलं. दिवाळं निघालेल्या माणसाने एकट्याने उभं राहावं, असं कोणाच्या मनात असेल?"

जजसाहेबांनी चष्मा काढला. "मलाही वाटतं, राहूनच गेलं असेल. पण आज लिहिलंय ते एवढंच, की ट्रस्टीने नेमलेल्या वकिलालाच या खात्यातून फी. तुम्हाला त्याने नेमलेलं नाही."

"तो मला कशाला नेमेल? मी त्याच्याविरुद्धच लढतेय!"

"खरं आहे," जजसाहेब म्हणाले.

"मग मला या कामातून मोकळं करा." नोरीनबाई म्हणाल्या. कित्येक महिने त्या फुकट राबत होत्या आणि ऑफिसचं भाडंही थकलं होतं. परवानगी मिळाली.

वर्लिन कासावीस झाला. "अहो बाई, थांबा की! पैसे आहेत ना खात्यात, मी देतोय तुम्हाला!"

"वर्लिन, ते आता तुमचे राहिले नाहीत हो."

कागद गोळा करून त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी लीगची खजिनदार डार्लीन होती. डबा तिनेच ठेवला होता.

पुढचा अर्ज निघाला, ट्रस्टीच्या वकिलाच्या फीचा. त्याच खात्यातून.

"म्हणजे आपल्या डब्यातून याला?" डार्लीन पुटपुटली. "वर्लिनच्या मागे लागल्याबद्दल?"

"कर्जदारातर्फे काही हरकत?" जजसाहेबांनी विचारलं.

वर्लिन उठला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे त्याने पाहिलं, मग मागे नोरीनबाईंकडे वळला. आता त्यांना बोलायचा अधिकार नव्हता.

"हरकत आहे हो, साहेब," वर्लिन म्हणाला. "पण ती घ्यायची कशी?"

"ते मला सांगता येत नाही, मिस्टर स्टोलमन." जजसाहेबांनी मान खाली घातली. "वकिलाला विचारा."