तळहातावरचं मैदान

हिवाळ्यातली दुपार कलू लागली आणि मैदानाच्या कडेच्या लिंबांच्या सावल्या मध्यरेषेला टेकल्या, की भोंग्यातून आधी तीन टिचक्या ऐकू यायच्या. टक, टक, टक. मग एक सावकाश खाकरणं, आणि मग तो आवाज: घोगरा, ओलसर, तापीच्या डोहातल्या पाण्यासारखा वरून संथ आणि आतून ओढ असलेला. "तो साहेबान, मैदान सज गया है." एवढं एक वाक्य उच्चारलं जाई आणि शेंगदाणे सोलणारे हात थांबत, रस्त्यावरून शाहपूरकडे केळी भरायला निघालेला ट्रकवाला इंजिन बंद करून टपावर चढे, आणि पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखटसुद्धा क्षणभर मागे सरल्यासारखी वाटे. तो आवाज माझ्या थोरल्या भावाचा, दिनूदादाचा.

दादा आधी फुटबॉलचा गोलरक्षक होता. तारुण्यातला दादा मला आठवतो तो नेहमी हवेतच, आडवा, दोन्ही हात पसरलेला, पाठीमागे केशरी उन्हाची धूळ. डाव्या हाताची करंगळी एका सामन्यात मोडली ती वाकडीच राहिली, आणि त्या वाकड्या करंगळीचा त्याला कोण अभिमान! पुढे गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तो इंदूरला गेला. रेडिओवर सामन्यांची वर्णनं करू लागला, आणि त्या आवाजाच्या जोरावर चित्रपटांतही शिरला. भूमिका लहानच: कुठे हवालदार, कुठे नायिकेचा मामा. तीन चित्रपटांत तो मेला, आणि तिन्ही वेळा आई चित्रपटगृहात इतकी हुंदके देऊन रडली, की चौथ्या वेळी दादाने दिग्दर्शकाला हात जोडून नुसतं जखमी करायला लावलं.

साठीनंतर तो बुऱ्हाणपूरला परत आला, सिंधीपुऱ्यातल्या माझ्या घरी. आयुष्यभर मुलींना भूगोल शिकवून मी तेव्हा नुकती निवृत्त झाले होते. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या आणि संक्रांतीपर्यंत चालणाऱ्या गावच्या स्पर्धेचा माईक मंडळींनी मोठ्या मानाने त्याच्या हाती दिला. गळ्यात शूटिंगच्या दिवसांतली एक जाडजूड दुर्बीण अडकवून तो टेबलाशी बसायचा, तेव्हा एखाद्या लढाईवर देखरेख करणाऱ्या सेनापतीचा आव असे त्याच्या चेहऱ्यावर.

आणि मग काचबिंदूने त्याचे डोळे हळूहळू मिटवत आणले. एके दिवशी जेवताना त्याने वरणाच्या वाटीऐवजी पाण्याच्या पेल्यात घास बुडवला. मी वाटी त्याच्या हाताशी सरकवली. तोच बोलला.

"शालू, मैदान आता नुस्तं हिरवं-पिवळं दिसते. गेंद दिसत नाही."

"मग सांग ना मंडळींना. दुसऱ्या कोणाला बसवतील."

"तेच तं नको ना बाई. आंधळ्याच्या हाती माईक कोन देईन? आन् दिलाच, तं दया म्हनून देतीन. दयेचा माईक मले नको."

माईक गेला असता तर दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी त्याचा डावा हात ओढून घेतला, तळवा उताणा केला, आणि शाळेत फळ्यावर नकाशा काढावा तसं त्यावर मैदान आखलं. मनगटाकडे तापीच्या बाजूचा गोल, बोटांकडे किल्ल्याच्या बाजूचा. वाकडी करंगळी म्हणजे कोपरा. माझं बोट म्हणजे चेंडू. तेव्हापासून पाच हिवाळे मी टेबलाच्या कापडाखाली त्याचा तळहात धरून बसले. ऑफसाईड म्हणजे काय हे जिला साठ वर्षांत कळलं नव्हतं ती मी, चेंडूवरची नजर न हलवता, बोटाने त्या खरबरीत तळव्यावर अख्खा सामना चालवत असे. आणि माझ्या बोटातून निघालेलं ते मुकं सरकणं दादाच्या कंठातून वीज होऊन बाहेर पडे.

अडचण व्हायची ती नावांची. चेंडू कोणाकडे आहे हे बोटाने सांगेपर्यंत तो तिसऱ्याकडे गेलेला असे. मग दादा नावांच्या जागी विशेषणं पेरायचा. "और ये आया हमारा हिरन! ये चला तूफान!" लोक टाळ्या पिटत. मी मात्र घामाघूम. सगळ्या गावाची आपण फसवणूक करतो आहोत, हा काटा पहिल्या दिवसापासून मला रुतलेला होता. त्याहून मोठी भीती दुसरीच: एखाद्या दिवशी हे उघडं पडेल आणि भर मैदानात कोणीतरी दादाला हसेल.

तो दिवस उगवलाच जवळजवळ. शाहपूरच्या संघाविरुद्धचा सामना होता. सूर्य थेट माझ्या डोळ्यांत, जाळी हलताना दिसली आणि माझं बोट झपकन त्याच्या मनगटावर आपटलं. "गोऽऽल!" दादा असा गरजला की लिंबावरचे पोपट उडाले. पण चेंडू बाहेरून जाळीला लागला होता. मैदान एकदम गप्प झालं. तेवढ्यात शाहपूरचा गोलरक्षक, केळीवाल्या पाटलांचा मयूर, तापीकडच्या गोलातून टेबलापर्यंत धावत आला आणि सर्वांना ऐकू जाईल असं ओरडला, "दादा, बाहेरून हालली हो जाळी! मले बी गोलच वाटला!" लोक हसले, पण चेंडूला हसले. मी मनोमन त्या पोराच्या कच्च्या नजरेचे आभार मानले.

पुढच्या सामन्यापासून मैदानावर एक नवीनच खूळ शिरलं. पायात चेंडू आला की जो तो स्वतःचंच नाव ओरडू लागला. "मयूर!" "इम्रान!" "गोलू!" सिंधीपुऱ्याचे ओरडत, शाहपूरचे ओरडत, दोन्ही बाजूंनी सारखा कल्ला. मला त्याचा मनस्वी राग यायचा. आजकालच्या पोरांना स्वतःच्या नावाचा केवढा सोस, असं मी घरी येऊन बडबडत असे. दादा चहा फुंकत ऐकून घेई. "वरडू दे ना शालू. बरं वाटते कानाले," एवढंच म्हणे. विशेषणं गेली, नावं आली, आणि त्याचं वर्णन पुन्हा पूर्वीसारखं धारदार झालं. हे श्रेय मी माझ्या सरावलेल्या बोटाला देऊन टाकलं होतं.

गेल्या श्रावणात दादा गेला. खऱ्या आयुष्यात एकदाच, आणि अगदी शांतपणे, झोपेत. त्याची दुर्बीण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या कपाटात ठेवायची म्हणून या हिवाळ्यातल्या पहिल्या सामन्याला मला बोलावलं होतं. मी गेले, पण छातीवर धोंडा घेऊनच. त्याचा फोटो, त्याला हार, "दादांची तीक्ष्ण नजर" म्हणून भाषणं, आणि त्या नजरेचं गुपित एकट्या माझ्यापाशी. सांगावं तर दादाचा मान जातो, न सांगावं तर ती लबाडी मेलेल्या माणसाच्या नावावर चालूच राहते.

सामना सुरू झाला. माईकवर नवा तरुण होता, चांगला बोलत होता. तरी काहीतरी चुकत होतं, आणि ते काय हे मला मध्यंतराच्या आसपास कळलं. मैदान मुकं होतं. चेंडू या पायातून त्या पायात जात होता. बुटांचा आवाज, शिट्टी, धापा, एवढंच. नाव कोणीच ओरडत नव्हतं.

मध्यंतरात मयूर पाणी प्यायला टेबलाशी आला. मी विचारलं, "काय रे, आज एवढे गप्प कसे? नावं नाही ओरडत कोणी?"

त्याने बाटली खाली ठेवली. "आता कोनासाठी वरडाचं, मॅडम?"

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"त्या जाळीवाल्या दिवशी समजलं आम्हाले," तो नजर चुकवत म्हणाला. "मंग समद्या टीमनं मिळून ठरवलं."

"म्हणजे दया केलीत तुम्ही दादावर," मी कसंबसं म्हटलं.

"दया कायची, मॅडम? दादाच्या तोंडातून नाव निंघालं का आंगात येत होतं आमच्या. आमचीच गरज होती ते." मग त्याला हसू आवरेना. "आन् खरं सांगू? दादा दुर्बीन डोयाले लावे, तवा झाकन तं लय वेळा लागेलच राहे. समदं पब्लिक पाहे. तुमचंच ध्यान नव्हतं, तुम्ही तं गेंद पाहत होत्या!"

मी हसले, आणि हसता हसताच रडले, पदराने तोंड दाबून, त्या भरल्या मैदानात. इतकं हायसं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. पाच हिवाळे मी एकटीने कापडाखाली दडवून धरलेली ती लबाडी खरं तर दोन्ही संघांनी, पंचांनी, टपावर चढलेल्या ट्रकवाल्यांनी आपल्या खांद्यावर घेतली होती, आणि दादाचा माईक दयेचा नव्हताच. दादालाही हे ठाऊक होतं का? "बरं वाटते कानाले" म्हणताना चहाच्या वाफेआड त्याच्या ओठांवर जे आलं होतं, ते आता मला पुन्हा पुन्हा आठवतं. ती झाकणं चुकून राहत होती, की पब्लिकला दिसावीत म्हणून मुद्दाम ठेवलेली असत? नटच होता तो.

दुर्बीण मी मंडळाला दिली नाही. घरी खिडकीशी ठेवली आहे. रविवारी दुपार कलली की मैदानावरचा भोंगा इथपर्यंत ऐकू येतो, आणि माझं उजवं बोट आपसूक माझ्याच डाव्या तळहातावर सरकू लागतं, मनगटापासून करंगळीच्या कोपऱ्यापर्यंत. दुर्बिणीची झाकणं अजून लावलेलीच आहेत. गेलेलं माणूस आणि गेलेले हिवाळे पाहायला ती काढावी लागत नाहीत.