ड्रोन उजवीकडे सरकतो

बारकीने ड्रोन टॉवेलमध्ये गुंडाळून आणला आणि माझ्या दुकानातल्या टेबलावर, उघडून ठेवलेल्या शिलाई मशीनशेजारी ठेवला.

"भाऊजी, मी मोडला," ती म्हणाली.

बारकी म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण. पस्तिशी ओलांडली तरी घरात सगळ्यांची बारकीच. ड्रोन माझ्या बायकोचा. दोघी बहिणी मिळून छपरांचे फोटो काढून द्यायच्या. गोदामांची, कारखान्यांची, जुन्या इमारतींची छपरं. कुठे पत्रा फाटलाय, कुठे पाणी साचतंय, ते माणूस वर न चढवता खालून कळायचं. उडवायची ही, आणि बारकी बाजूला उभी राहून कशाचे फोटो हवेत ते सांगायची. ही गेल्यावर ड्रोन कपाटात पडून होता. मग बारकीने धीर केला, नेहमीच्या ठेकेदाराचं एक काम घेतलं, आणि पहिल्याच दिवशी ड्रोन गोदामावरच्या पाण्याच्या टाकीला धडकला.

"नेमकं काय झालं?" मी विचारलं.

"काहीच झालं नाही, तेच तर. एका जागी उभा केला होता. पडद्यावर ऊन येत होतं म्हणून हाताने आडोसा केला. परत बघते तर टाकीवर."

"वारा असेल."

"पान हलत नव्हतं." तिने टॉवेल उचलला, घडी घातली, परत उलगडला. "ताईने इतकी वर्षं उडवला, साधा ओरखडा नाही. माझ्या हातात आला आणि लगेच."

"ठेव. बघतो मी."

"तुम्हाला ह्यातलं कळतं?"

"नाही. पण मशीनच आहे ना."

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. बिघाड शोधायचा तर आधी बाहेरचं आणि स्वस्तातलं बघायचं, मग आत शिरायचं. गिऱ्हाईक सांगतं मोटार गेली, आणि निघते वाकडी सुई. ड्रोनची सुई म्हणजे त्याची पाती. धडकेत एका पात्याला खाच पडली होती. चारही बदलली. मोटारी हाताने फिरवून पाहिल्या, एकीतही खरखर नव्हती. घराच्या मागच्या मैदानावर नेऊन उडवला, डोक्याच्या वर उभा केला आणि रिमोटच्या दोन्ही स्टिकवरचे, म्हणजे दिशा द्यायच्या दांड्यांवरचे, अंगठे उचलले. ड्रोन हळूहळू उजवीकडे निघाला. झटका नाही, थरथर नाही. रांगेत उभा असलेला माणूस पुढे सरकतो तसा.

वारा आहे का ते बघायला मी त्याचं तोंड माझ्याकडे फिरवलं. तर तो माझ्या डावीकडे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उजवीकडेच सरकला. ड्रोनचं तोंड कुठे आहे ते वारा बघत नाही. वारा बाद.

मग कंपास. तो बिघडला की ड्रोन गोल फिरतो असं वाचलं होतं. हा गोल फिरत नव्हता, तरी गाड्यांपासून आणि लोखंडी जाळीपासून लांब जाऊन तोही नीट करून घेतला. फरक नाही. मग त्याला समपातळी शिकवायची म्हणून दुकानातल्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवत, पातळी बघायच्या नळीतला बुडबुडा मध्यावर आणला, आणि त्यावर ड्रोन ठेवून अ‍ॅप सांगेल तसा कुशीवर, पाठीवर, पोटावर वळवला. तान्ह्या मुलाला अंघोळ घालताना वळवतात तसा. दुसऱ्या दिवशी मैदानावर पुन्हा तेच. उजवीकडे.

त्या दिवशी वैतागून मी रिमोटच बंद केला. संपर्क तुटला की ड्रोन आपला आपण निघाल्या जागी परत येतो. तो आला, सरळ रेषेत, आणि उठला होता त्याच गवतावर उतरला. तसूभर इकडेतिकडे नाही.

म्हणजे ड्रोनला काहीच झालं नव्हतं. रिमोट त्याला सांगत होता की उजवीकडे सरक, आणि तो निमूट ऐकत होता.

मी पुन्हा उडवला. ह्या वेळी उजव्या स्टिकवर अंगठा नुसता ठेवला आणि थोडा डावीकडे झुकू दिला. ढकलला नाही, त्याचंच वजन पडू दिलं. ड्रोन थांबला. खिळा ठोकल्यासारखा.

तो अंगठा मला ओळखीचा होता. औषधं सुरू झाल्यावर हिच्या उजव्या हाताच्या बोटांना बधिरपणा आला होता, मला ते उशिराच कळलं. अंगठा सगळ्यावर असाच आडवा पडायचा. कपाच्या कानावर, मोबाइलवर, माझ्या दंडावर. त्याच दिवसांत एकदा जेवणाच्या टेबलावर बसून ती रिमोटच्या स्टिक नव्याने जुळवत होती, म्हणजे मोकळ्या सोडल्यावर त्यांचा मध्य कुठे ते रिमोटला शिकवत होती. मी समोर बसून कुठल्यातरी मशीनचा हुक घासत होतो. अ‍ॅपमध्ये आलेली सूचना तिने मोठ्याने वाचली, की स्टिकवरची बोटं काढा आणि बटण दाबा.

"मग काढ ना," मी म्हणालो होतो.

"काढलीत की," ती म्हणाली होती.

मी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिला वाटलं अंगठा उचललाय, आणि तो तिथेच होता. रिमोटने तिचा अंगठा धरूनच मध्य मोजला, त्यामुळे अंगठा नसला की त्याला वाटायचं स्टिक उजवीकडे ढकललीय. तिच्या हातात ड्रोन पुढेही सरळच उडत राहिला, कारण अंगठा कायम तिथेच असायचा.

हे कळलं तेव्हा काम मिनिटभराचं उरलं होतं. बोटं काढायची, बटण दाबायचं. मी ते केलं नाही.

संध्याकाळी बारकीचा फोन आला. "लागला का काही पत्ता?"

"बघतोय," मी म्हणालो.

त्यानंतर मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मैदानावर जायला लागलो. ड्रोन वर न्यायचा, अंगठा तसा ठेवायचा, बॅटरी संपेपर्यंत उभं राहायचं. दुसरं काही करत नव्हतो. कॅमेऱ्यात मी स्वतःच दिसायचो, वरून, टक्कल आणि दोन कोपर. स्टिक नव्याने जुळवली असती तर तिचा अंगठा गेला असता, आणि मला तो जाऊ द्यायचा नव्हता. ह्याच्यापलीकडे माझ्याकडे कारण नव्हतं.

आठवड्याने बारकी दुकानात आली. सोबत ठेकेदारही होता, त्याच्या बायकोचं मशीन द्यायला आलेला. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. ड्रोनला तो डास म्हणतो.

"काय म्हणतोय डास? बरा झाला का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"बारके, मला महिनाअखेर कारखान्याची सगळी छपरं दाखवायचीत. तू नसशील तर दुसऱ्याला सांगतो. राग नको मानूस. तुझी ताई असती तर मी थांबलो असतो."

"ताई असती तर थांबायची वेळच आली नसती," बारकी म्हणाली. ठेकेदार मशीन ठेवून गेला.

तो गेल्यावर तिने मला सरळ विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. माझ्यामुळेच ना?"

मी हातातल्या चकतीवर तेल सोडत होतो. म्हणालो, "आपटल्यावर आतलं काहीतरी हलतंच."

एवढंच. पण ठरवून बोललो. तिने मान हलवली, जणू तिला हेच ऐकायचं होतं आणि आता एकदाचं ऐकून झालं. दाराशी जाऊन म्हणाली, "मला उडवायला येत नाही हे ताईला माहीत होतं वाटतं. म्हणून कधी हातात दिला नाही."

ते खरं नव्हतं. ही तिच्या हातात द्यायची, बारकीच नको म्हणायची. मला हे माहीत होतं. तरी मी चकतीवर आणखी तेल सोडलं, आधीच भरपूर झालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेलो, अंगठा ठेवला, ड्रोन थांबला, आणि पहिल्यांदाच मला तिथे उभं राहवेना. अंगठ्याखाली ही होती आणि कानात बारकीचं वाक्य. बॅटरी अर्धी असतानाच खाली उतरवला. तरी फोन केला नाही. उद्या सांगू म्हणालो. उद्याही तेच म्हणालो.

शनिवारी दुपारी बारकी पिशवी घेऊन आली. त्यात जास्तीच्या बॅटऱ्या, चार्जर, दोघी कामावर घालायच्या ती पिवळी जाकिटं.

"हे तुमच्याकडेच राहू द्या. मी सोमवारपासून औषधांच्या दुकानात लागतेय. काउंटरवर."

"तुला आवडेल?"

"न आवडायला काय झालं? डब्या कुठे सरकत नाहीत." ती हसली. "एखादी पडली तरी उचलून ठेवता येते."

ती निघाली, दुकानाबाहेरच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर होती. मी म्हणालो, "बारके, आत ये. तुझ्यामुळे नाही झालं ते."

"आता कशाला समजूत घालताय?"

"समजूत नाही. तू आपटलास म्हणून तो सरकतो असं नाही. तो सरकत होता म्हणून आपटला."

ती परत आली. मी रिमोट काढून दाखवला, अंगठा ठेवून दाखवला, टेबलावरची ती संध्याकाळ सांगितली, रोज सकाळचं मैदानही सांगितलं. माझं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाले बरेच दिवस."

"ठेकेदार आला होता त्याच्या आधी?"

"आधी."

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"मी तुम्हाला तोंडावर विचारलं होतं, भाऊजी."

"हो."

"घरी रोज मी तेच करते. डोळे मिटून हात वर करते, असा आडोसा, आणि बघते की त्याच्याआधी मी नेमकं काय चुकले. नवरा म्हणतो, बाई, हात खाली घे, झोपू दे. आणि तुम्ही तिकडे मैदानावर..." तिने वाक्य सोडून दिलं. "का?"

"ते नीट केलं असतं तर हिचा अंगठा पुसला गेला असता."

"माझी ताईपण होती ती."

तिने रिमोट ओढून घेतला, स्वतःचा अंगठा त्या स्टिकवर ठेवला, डावीकडे झुकवला आणि तसाच धरून बसली.

"बोटांचं मला सांगितलं होतं तिने," ती म्हणाली. "चमचा सुटायला लागला तेव्हाच. म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, ड्रोन कपाटात ठेवतील आणि मला गादीवर."

"ठेवला असता."

"माहितेय. म्हणून नाही सांगितलं." तिने अंगठा उचलला. "आणि तुम्ही अखेर ठेवलातच की. माझ्यासकट."

तिने पिशवीतून एक बॅटरी काढली आणि उठली. "चला मैदानावर."

उन्हात मैदान रिकामं होतं. तिने रिमोट माझ्यासमोर धरला. "तुम्ही करा. लपवलं तुम्ही, आता तुम्हीच करायचं."

अ‍ॅपने तेच सांगितलं. स्टिकवरची बोटं काढा. मी रिमोट गवतावर ठेवला आणि दोन पावलं मागे झालो. एवढी गरज नव्हती. बारकी म्हणाली, "बटण कोण दाबणार? मी?" मी वाकलो, एका बोटाने बटण दाबलं आणि हात मागे घेतला. पडद्यावरची रेघ भरत गेली आणि बरोबरची खूण आली.

बारकीने ड्रोन वर नेला, उभा केला आणि दोन्ही अंगठे उचलले. मग हात कपाळाशी नेऊन उन्हाला आडोसा केला, मुद्दाम, बराच वेळ. ड्रोन हलला नाही.

"घ्या," ती म्हणाली. "मला फोन करायचाय."

मी रिमोट घेतला, आणि ड्रोन लगेच डावीकडे निघाला.

"अंगठा, भाऊजी."

मी उचलला. तो थांबला. ती फोन लावायला वळली, आणि तेवढ्यात अंगठा परत जाऊन बसला. इतक्या दिवसांची सवय.

"अंगठा," ती पाठ न वळवता म्हणाली.

ठेकेदाराचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता. काम अजून कोणाला दिलं नव्हतं. डासाला काय झालं होतं, असं त्याने विचारलं.

"रिमोटमध्ये होतं," बारकी म्हणाली.

"म्हणजे तुझ्या हातून नव्हतं तर."

"नाही. माझ्या हातून नव्हतं."

फोन ठेवल्यावर तेच वाक्य ती आणखी एकदा म्हणाली, माझ्याकडे बघून. मग हात पुढे करून माझ्याकडून रिमोट काढून घेतला आणि ड्रोन छपरांच्या उंचीवर नेला.