पाच किलो शेवाळ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ओइवा मुस्तोनेनने आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा पकडला. राऊतू जातीचा, लाल पोटाचा, वजन पाच किलोच्या आतबाहेर.

असा कुठलाही मासा पकडला गेलेला नाही. ओइवा त्या आठवड्यात तळ्यावर गेला, गारठला आणि सॉसेज संपल्यावर परत आला. आपण तेवढंच धरून चालू.

तळं देशाच्या उत्तर टोकाला, इनारीच्याही उत्तरेला आहे. नाव सांगत नाही. गाडीरस्त्यापासून बावीस किलोमीटर, स्कीवर, मागे सामानाची घसरगाडी ओढत. ओइवाने अडतीस वर्षं सरकारी रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली होती. बर्फ बाजूला सारायचा आणि कुणाशी बोलायचं नाही, ही दोन्ही कामं त्याची निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

तळ्यातली मासे लागायची जागा त्याला एमेली मामाने दिली होती. मरणाच्या आदल्या दिवशी मामाने नर्सला बाहेर काढलं, खिडकी लावायला सांगितली, रेडिओ मोठा केला आणि मग ओइवाच्या कानात सांगितलं: कुठल्या वठलेल्या झाडापासून कुठल्या दगडाकडे बघायचं आणि किती पावलं. पाण्याखाली तिथे एक उंचवटा होता आणि उंचवट्यावर राऊतू. असल्या तळ्यात राऊतू मोजकेच असतात. बातमी फुटली की एका वसंतात बर्फावर धावणाऱ्या मोटारींची जत्रा भरते आणि पुढच्या वसंतात तिथे पाणी सोडून काही उरत नाही. म्हणून मामाने सत्तेचाळीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं. ओइवाचं तेविसावं चालू होतं.

तळ्याकाठी वनखात्याची एक खोपी आहे. झोपायला दोन फळ्या, लोखंडी शेगडी, एक खिडकी. कुलूप नाही. रिवाज असा की जो शेवटी आला त्याचा हक्क पहिला. जागा कमी पडली तर आधीच्याने उठायचं, कारण तो एव्हाना गरम झालेला असतो.

ओइवा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दार उघडलं आणि साठीकडे झुकलेली एक बाई आत आली. टोपी झटकली, शेगडीपाशी बसली, बूट काढले.

"आइला टिर्कोनेन," ती म्हणाली. "सावोहून."

ओइवा सावध झाला. सावोकडच्या माणसाला वेळ विचारली तर तो घड्याळ कुठे घेतलं ते सांगतो.

"एकट्याच आलात?"

"आता दोघं आहोत की."

"मासे धरायला?"

"मासे असतात होय इथे?"

हेर असता तर त्याने हेच विचारलं असतं. ओइवाने तिच्या सामानावर नजर फिरवली. गळकाठी नाही, बर्फाला भोक पाडायचं गिरमीट नाही, डबा नाही. मार्चमध्ये, बावीस किलोमीटर तुडवून, राऊतूच्या तळ्यावर, गळाशिवाय. माणूस देवळात चपला हातात धरून शिरला तरी इतका संशय येत नाही.

"नाही," ओइवा म्हणाला. "मासा औषधालाही नाही."

हे तो ओठाआडच्या अळ्यांसकट म्हणाला. उणे बावीसमध्ये गळाला लावायच्या अळ्या गोठून काडी होतात, म्हणून जाणती माणसं चार-पाच अळ्या खालच्या ओठामागे ठेवतात, तंबाखूची चिमूट ठेवावी तशा. आइलाने त्याच्या वळवळणाऱ्या ओठाकडे बराच वेळ पाहिलं.

"मग त्या खायला आहेत का?" तिने विचारलं.

ओइवाने रिवाजाचा आधार घेतला. सामान बांधलं, निरोप घेतला, भूशिराला वळसा घातला आणि तासाभराने परत येऊन दार वाजवलं.

"नुकताच पोचतोय," तो म्हणाला. "माझं सामान दीड माणसाचं आहे, तेव्हा जागा कमी पडणार. शेवटी आलेला मी."

आइलाने मान डोलावली. जाकीट चढवलं, पिशवी पाठीला लावली, बाहेर लाकडांच्या छपरापर्यंत चालत गेली, परत आली आणि दार वाजवलं.

"आत या," ओइवाच्या तोंडून निघून गेलं.

"नुकतीच पोचतेय," आइला म्हणाली. "पण राहा तुम्ही. मी काही तशी नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीत बसली. मांडीवर चौकटींचा कागद, हातात पेन्सिल. ओइवा तळ्यावर उतरला, पण मामाच्या जागेकडे पाठ करून. तिसऱ्या भूशिराजवळ त्याने एक भोक पाडलं, दहा मिनिटं गळ सोडून बसला, काही लागलं नाही म्हणून नाटकी हळहळला. वळून पाहिलं तर खिडकीतली पेन्सिल हलली.

तो शंभर पावलं पुढे गेला. भोक पाडलं. पेन्सिल हलली.

खात्रीच झाली. मासेमारी क्लबची बाई असेल, किंवा पर्यटकांना मोटारींवरून फिरवणाऱ्या कुठल्या कंपनीची, किंवा पाण्याच्या खोलीचे नकाशे काढणाऱ्यांची; ओइवाचा ओउलुचा जावईही त्यांतलाच. ओइवाने ठरवलं: बाईला भोकं पाहिजेत ना? घे भोकं. तिला इतकी भोकं द्यायची की खरी जागा त्यात गवतात सुई हरवावी तशी हरवून जाईल.

दोन दिवसांत त्याने त्रेसष्ट भोकं पाडली. काठाला, मध्यावर, आडवी, तिरकी, एकदा तर खोपीच्या पायरीपासून सात फुटांवर. तिथे पाणी नव्हतं, नुसतं दलदलीचं गवत होतं. पण तिथेही तो दहा मिनिटं बसला. भोक पाडून गळ न सोडता उठणारा माणूस त्या मुलखात कुणी पाहिलेला नाही. तसं करणं म्हणजे 'भोक खोटं आहे' अशी पाटी लावण्यासारखंच. खांदे भरून आले, गिरमिटाचं पातं बोथट झालं. संध्याकाळी तो आत येई तेव्हा आइला कॉफी ओतून देई.

"दमलात?"

"छे. गंमत."

"मासे नाहीत म्हणालात ना?"

"म्हणून तर गंमत."

तिसऱ्या सकाळी आइला पाणी आणायला गेली आणि कागद टेबलावरच राहिला. ओइवाने तो पाहिला. तळ्याचा काठ हुबेहूब. त्यावर त्रेसष्ट फुल्या, त्याला स्वतःला आठवत होत्या त्यापेक्षा अचूक. गवतातलं भोकसुद्धा होतं.

दार उघडलं. आइला बादली घेऊन उभी.

"कुणासाठी काम करता?" ओइवाने विचारलं. आवाज त्याला हवा होता तितका जाड आला नाही, कारण अळ्या.

"हातमोज्यांसाठी."

"काय?"

"विणकामाच्या मासिकाला नमुने देते मी. दर हिवाळ्यात एक तळं घ्यायचं आणि त्याचा हातमोजा करायचा. बारा हजार वर्गणीदार आहेत." तिने बादली ठेवली. "यंदा नुसतं पांढरं तळं करणार होते. पण तुमची भोकं इतकी सुबक पडतात! राखाडी ठिपके. बायका वेड्या होतील."

ओइवा खाली बसला. हातमोजे. तीन दिवस त्याने हातमोज्यांपासून तळं लपवलं होतं.

"एकच खोट आहे," आइला म्हणाली आणि पेन्सिल कागदावर ठेवली. "सगळीकडे ठिपके आहेत. फक्त इथे तळहाताएवढी जागा रिकामी. विणल्यावर अशी दिसेल की उंदराने कुरतडलंय."

पेन्सिल मामाच्या उंचवट्याच्या बरोबर मध्यावर होती.

ओइवाने कागद बघितला आणि प्रथमच त्याला दिसलं की त्याने काय करून ठेवलंय. त्रेसष्ट फुल्यांनी मिळून एका जागेभोवती कुंपण घातलं होतं. कुठल्याही कोळ्याच्या बायकोच्या हातात तो मोजा चढला की नवरा कॉफीचा कप धरून तिच्या हाताकडे बघणार, आणि कप खाली ठेवून स्की शोधायला उठणार. बारा हजार हातमोजे, गुणिले दोन हात.

"तिथे उथळ आहे," तो म्हणाला.

"पायरीपाशी पाणीच नव्हतं, तरी पाडलंत."

"तिथे..." ओइवाने विचार केला. "तिथे मन होत नाही."

"का हो?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते मामाने रेडिओ मोठा करून दिलेलं.

"पाडतो," ओइवा म्हणाला.

आइलाही निघाली. तिला जवळून बघायचं होतं. ओइवाने वठलेल्या झाडाकडे मुद्दाम पाहिलं नाही, दगडाकडे पाहिलं नाही, पावलं मोजली नाहीत, आणि पाय आपोआप जिथे थांबायचे तिथे थांबले. गिरमीट फिरवलं. पाणी वर आलं. त्याने गळ सोडला, अळी न लावता.

"अळी राहिली," आइला म्हणाली.

"आज उपास आहे तिला."

"बाकीच्या त्रेसष्टांना लावलीत. मी बघत होते."

ओइवाने ओठाआडून एक अळी काढली आणि जड अंतःकरणाने गळाला लावली. दहा मिनिटं काढायची होती. त्याने मनात मामाची माफी मागितली, मग माशांना विनंती केली की निदान आज सगळ्यांनी कुठेतरी जावं. नऊ मिनिटं माशांनी ऐकलं.

मग काठी हातातून निघून जायला लागली.

ती झटापट किती वेळ चालली हे सांगता येत नाही, कारण ती झालीच नाही. शेवटी भोकातून एक डोकं वर आलं, भोकाएवढंच रुंद, खाली लालभडक छाती. त्याने आधी ओइवाकडे पाहिलं आणि मग आइलाकडे.

"हे काय?" आइलाने विचारलं.

"शेवाळ," ओइवा म्हणाला.

"तोंड आहे त्याला."

"या बाजूचं तसं असतं."

"आणि दात?"

"जुनं शेवाळ आहे."

आइला गुडघ्यावर बसली आणि नीट बघितलं. "आमच्या सावोत," ती म्हणाली, "असं शेवाळ निघालं तर मीठ लावून ठेवतात. रात्रभर."

तेवीस वर्षांत त्याला इथे सर्वांत मोठा मिळालेला दोन किलोचा होता. हा घरी नेला असता तर कुणीही विचारलं असतं, कुठे. नेला नसता आणि नुसता बर्फावर ठेवला असता तरी तो मासा ठरला असता. त्याने गळ सोडवला, एका हाताने त्या थंड पाठीला क्षणभर धरलं, आणि सोडून दिलं. भोकात गोल लाटा उठल्या.

"गेलं शेवाळ," तो म्हणाला.

"बरं झालं," आइला म्हणाली. तिने कागदावर चौसष्टावी फुली मारली. "आता नमुना भरला."

ओइवाच्या छातीवरचा दगड हलला. सगळीकडे ठिपके. कुठेच काही नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना आइलाने स्की बांधल्या, पिशवी चढवली आणि जाता जाता वळली.

"बाकीचे ठिपके राखाडीच ठेवते," ती म्हणाली. "शेवटचा तेवढा लाल करू का? शेवाळ लाल होतं म्हणून म्हटलं. शोभून दिसेल."

ओइवाने तोंड उघडलं. करू नका म्हणावं तर का, हे सांगावं लागलं असतं.

"तुम्हाला काय वाटतं, त्या भोकात काही होतं?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय शेवाळातलं," आइला म्हणाली. "असेलही. नसेलही. ज्याने त्याने समजून घ्यावं." आणि ती हसली की उन्हाने डोळे बारीक केले, हे ओइवाला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

ओइवा गावात परतला तेव्हा पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलापाशी काल्ले नावाचा एक गृहस्थ अडीच किलोच्या राऊतूची हकिगत हात फाकवून सांगत होता. चौथ्यांदा.

"तुझं काय रे, ओइवा? तुझ्या डबक्यात काही मिळालं का?"

"शेवाळ," ओइवा म्हणाला. सगळे खो-खो हसले. ओइवाने कॉफी अर्धी टाकली, घरी गेला, दार लावलं, खिडकी लावली, रेडिओ मोठा केला आणि लिहायला बसला.

"प्रति, विक्रमी मासे नोंदणी विभाग. विषय: नोंद घेणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय कळविण्यात येते की अर्जदाराने या हंगामात पाच किलो वजनाचा एक राऊतू पकडलेला आहे. साक्षीदार एक असून तिला काहीही विचारू नये. तरी सदर माशाची अधिकृत नोंद घ्यावी, नोंदीतून मासा, त्याचे वजन, तळे, दिनांक व अर्जदाराचे नाव वगळावे, विक्रम मोडल्याचे श्री. काल्ले यांस कोणी मोडला हे न सांगता लेखी कळवावे, आणि हा अर्ज मिळाल्याची पोच देण्यापूर्वी तो न वाचता नष्ट करावा, ही नम्र विनंती."