उजव्या फिल्टरची रिंग

कागदावर रबरी रिंगा तीनच होत्या. रत्नपालने कागद उचलून पाहिला, बाकाखाली वाकून पाहिलं, मग जुन्या तेलाच्या टबात हात घालून तळ चाचपला. काही लागलं नाही. पण चाचपण्यावर आताशा त्याचाच विश्वास नव्हता, म्हणून सगळं तेल त्याने फडक्यातून गाळलं. फडक्यातही रिंग नव्हती.

ट्रक जाऊन वीस मिनिटं झाली होती.

मुरुडजवळच्या या गॅरेजात त्याची एकतीस वर्षं गेली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ट्रक या बाजूला दोनच, दोन्ही एकाच ठेकेदाराचे, आणि त्यांना त्याच्याशिवाय कुणी हात लावत नसे. त्या गिअरबॉक्सला खालच्या अंगाला दोन फिल्टर. प्रत्येकाला दोन रिंगा, एक झाकणाची आणि एक छोटी, आत भोकात बसणारी. काढलेला माल तो वर्तमानपत्रावर, ज्या फिल्टरचा त्या फिल्टरजवळ, मांडायचा, एकदा नजर टाकायचा आणि मगच नवे फिल्टर चढवायचा. आज मांडला, पण नजर टाकायची राहिली. ड्रायव्हर हरेश्वरला आगरदांड्याहून दुपारची बोट पकडून खाडीपलीकडे दिघीला जायचं होतं आणि त्याने घाई करून करून डोकं उठवलं होतं.

उजव्या फिल्टरची छोटी रिंग कागदावर नव्हती. म्हणजे ती आतच चिकटून राहिली असणार आणि नवी तिच्यावर बसली असणार. अशा डबल रिंगेतून पंप तेलाबरोबर हवा ओढतो. मग कधीतरी जोर जातो, आणि गाडी गिअरमध्ये असूनही चाकं ओढत नाहीत. सपाटीवर एक वेळ चालून जाईल. पण दिघीला बोटीतून निघताना धक्क्याचा चढ, ओहोटीने तो आणखी उभा झालेला, आणि ट्रकच्या मागे मोटारसायकलींवर बसलेली बायकापोरं.

खरी भीती आणखी वेगळी होती. नवी रिंग बसवण्याआधी भोकात बोट फिरवून ‘साफ आहे’ असं त्यानेच ठरवलं होतं. गेले सहा महिने त्याला शर्टाची बटणं खाली बघून लावावी लागत होती. साखरेने बोटं बधिर होतात, असं डॉक्टर म्हणाले होते. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं, गॅरेजात तर मुळीच नाही. मेकॅनिकची बोटं गेली म्हणजे मग राहिलं काय?

हरेश्वरला त्याने तीनदा फोन लावला. उचलला नाही. मग त्याने पान्यांची पिशवी, टब आणि तेलाचा कॅन स्कूटरवर टाकला आणि निघाला. वाटेत त्याच्या डोळ्यांसमोर सारखी हरेश्वरची बायको कोकिळा येत होती. ती दारात उभी राहून ट्रकची वाट बघत होती.

आगरदांड्याला बोट लागलेली होती. ट्रक धक्क्याकडे सरकत होता. रत्नपालने स्कूटर तशीच आडवी टाकली आणि पळत जाऊन ट्रकसमोर उभा राहिला.

“काका, मरायचंय काय?” हरेश्वर खिडकीतून ओरडला.

“गाडी मागं घे. बोटीत घालायची न्हाय.”

“आवं, ठेकेदार बोंब मारंल.”

“मारू दे. माझ्याकडनं रिंग ऱ्हायलीय आत.”

हरेश्वर त्याच्याकडे बघतच राहिला. नऊ वर्षांत त्याने काकांच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. त्याने गाडी मागे घेऊन सपाट जागी लावली. बोट निघून गेली.

रत्नपाल गोणपाट टाकून ट्रकखाली शिरला. बोल्ट सैल केले, तेल टबात घेतलं, झाकण आणि उजवा फिल्टर उतरवला; नवी छोटी रिंग फिल्टरबरोबरच निघाली. पिशवीतल्या बॅटरीचा उजेड भोकाच्या तळापर्यंत पोचत नव्हता, त्यात रिंग काळी. डोळ्यांना काही दिसणं शक्यच नव्हतं. त्याने बोट आत घातलं, सावकाश दोन फेरे घेतले. कुठे काही अडलं नाही.

“साफ हाय,” तो म्हणाला.

“मंग? उगाच घाबरवलंत. लावा झाकण, तासाभरानं दुसरी बोट हाय.”

रत्नपालने झाकण हातात घेतलं. लावलं असतं तर कुणी काही विचारलं नसतं. पण सकाळीही बोट हेच म्हणालं होतं.

“हरेश, खाली ये. तुझं बोट घाल.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कडेकडेनं फिरव. मऊ कायतरी लागतंय का बघ.”

हरेश्वर सरपटत आत आला. त्याने बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं.

“केवढं तापलंय! तुमी एवढा येळ कसं धरलंत?”

रत्नपालने आपलं बोट उजेडाकडे केलं. टोक लालभडक झालं होतं. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. त्याने झाकण बाजूला ठेवलं.

“माझी बोटं गेलीत, हरेश,” तो म्हणाला. “सहा म्हैनं झालं. कुणाला बोललो न्हाय.”

हरेश्वरने बोटावर फुंकर घातली. मग ते पुन्हा आत घातलं आणि हळूहळू फिरवत नेलं.

“हाय, काका. चिकटलीय. निघतेय.”

काळी, चपटी झालेली रिंग त्याने बाहेर काढली.

“आता नवीन तूच बसव,” रत्नपाल म्हणाला. “आधी तिला तेलाचं बोट लाव. मी सांगतो तसं कर.”

“चुकलं तर?”

“मी हाय ना हितं.”

एकतीस वर्षं त्याच्या कामावर कुणी ना कुणी बॅटरी धरत आलं होतं. रत्नपालने बॅटरी उचलली, हरेश्वरच्या बोटांवर उजेड पाडला आणि तो हलू नये म्हणून दोन्ही हातांनी ती धरून ठेवली.