दोन वर्षं आधीचं शहाणपण

चौऱ्याऐंशी साली कम्युनिस्ट पक्षानं पुण्याच्या दिगंबररावांना नियोजनाचं अर्थशास्त्र शिकायला मॉस्कोला पाठवलं. तिथं एका चर्चेत ते बोलून गेले, "मोठे कारखाने सरकारनं चालवावेत, पण भाजी आणि शिवणकामाचीही योजना वरून कशाला? शेतकऱ्याला उरलेला माल बाजारात विकू द्या."

त्यांच्याच खोलीत राहणारा व्हिएतनामी मित्र क्वांग ताडकन उठला. "हा बाजाराचा दलाल आहे!"

बोभाटा पुण्यापर्यंत पोचला. शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं, पक्षानं काढून टाकलं. कालचे सोबती त्यांना बघून रस्ता ओलांडू लागले. दोन वर्षांनी व्हिएतनामनं स्वतःच बाजाराला दार उघडलं. दिगंबररावांना मात्र कुणी परत बोलावलं नाही. सगळी उमेद खासगी शिकवण्यांत जिरली.

यंदा ते लेकीकडे, यामिनीकडे, तोक्योतल्या हिगाशी-कसाईला आले होते. तिच्या तोयोसुच्या ऑफिसात हनोईच्या एका कंपनीचे मालक येणार होते. तिनं फोनवर फोटो दाखवला. केस पांढरे झाले होते, पण क्वांगच्या हनुवटीवरचा व्रण तोच होता.

"मला घेऊन चल," दिगंबरराव म्हणाले.

क्वांगनं त्यांना ओळखलं आणि कडकडून मिठी मारली. त्याच्या कोटाला पक्षाचा बिल्ला होता. दिगंबररावांनी गंजलेल्या रशियनमध्ये विचारलं, "ती चर्चा आठवते?"

"न आठवायला काय झालं? बरोबरच बोलला होतास तू."

"मग मला दलाल का म्हणालास?"

"तेव्हा पक्षाची भूमिका ती होती. पुढे बदलली, मीही बदललो." क्वांग मनापासून हसला. "तू दोन वर्षं थांबायला हवं होतंस, दिगंबर."

चाळीस वर्षं दिगंबररावांनी उत्तरं घोकली होती. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. भांडायचं कुणाशी?

परतताना मेट्रोत यामिनी खुशीत होती. "बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत! क्वांग-सान किती साधे आहेत. मला हनोईच्या प्रोजेक्टवर बोलावलंय त्यांनी. म्हणाले, तुझे वडील आमच्यातले सगळ्यात हुशार होते."

"असं म्हणाला?"

"हो. जाऊ ना मी?"

"जा," दिगंबरराव म्हणाले. "फक्त त्याच्यासमोर स्वतःचं मत मांडू नकोस."

यामिनीला तो विनोद वाटला. त्या शांत डब्यात ती मोठ्यानं हसली, तशी समोरच्या बाईनं नाराजीनं मान वर केली.