ऑर्व्हलचं खोगीर

व्हर्लिन घोड्यांना नाल ठोकायचा, आणि त्याचा हट्टही तसाच, एकदा ठोकला की हलायचा नाही. अर्लिसने त्या हट्टाशी तीस वर्षं संसार केला होता, पण या डिसेंबरात तिचा धीर सुटत चालला होता. मोंटानातल्या त्यांच्या खोऱ्यातली शाळा उन्हाळ्यात बंद पडली. तिथल्या स्वयंपाकघरातली तिची नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर दोघांचा आरोग्यविमाही गेला. आता सरकारी विमा-बाजारातून आपला आपणच निवडायचा, तोही महिन्याच्या मध्यापर्यंत, तरच जानेवारीपासून लागू. आणि नुकताच व्हर्लिन काम करता करता छाती धरून मटकन खाली बसला होता. घोडी अंगावर रेलली म्हणाला. घोडी चार हात लांब बांधलेली होती, अर्लिसने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

ग्रंथालयात टेस नावाची मुलगी विमा निवडायला मदत करायची. अर्लिसने नवऱ्याला तिच्यासमोर नेऊन बसवलं. टेसने पडद्यावर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे प्रकार दाखवले.

"पदकं वाटताय की काय?" व्हर्लिन म्हणाला. "मी कुठल्या शर्यतीत धावलो नाही बाई."

टेस हसली. "ब्राँझचा हप्ता कमी. पण गावातला दवाखाना त्यात नाही, डोंगरापलीकडच्या इस्पितळात जावं लागेल."

"घाट मे महिन्यापर्यंत बर्फाखाली असतो."

"मग सिल्व्हर बघा. त्यात गावातला दवाखाना आहे. हप्त्यात सरकारी सवलत उत्पन्नावर ठरते. तुमचं वर्षाचं किती धरू?"

उत्पन्न! त्याला कोणी पैसे द्यायचं, कोणी अर्ध्या बैलाचं मांस, कोणी गवताच्या गासड्या. व्हर्लिनने टोपी उचलली. "विमा नको मला. काही झालंच तर खोरं आहे की पाठीशी."

खोरं पाठीशी म्हणजे काय, ते अर्लिस जाणून होती. कोणी अंथरूण धरलं की अग्निशमन दलाच्या शेडमध्ये जेवण व्हायचं. स्पॅगेटी, पाव, घरोघरच्या केकचा लिलाव, आणि जमलेला पैसा आजाऱ्याला. लोक मायेनेच करायचे, खोटं कशाला बोला.

"ऑर्व्हलच्या ऑपरेशनच्या वेळी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती," घरी परतताना गाडी चालवत व्हर्लिन म्हणाला.

"आणि ऑर्व्हल? बायपासचे टाके ओले असताना दारात खुर्चीवर बसून एकेकाचे आभार मानत होता. पुढे त्याच्या घोड्यावर नवं खोगीर दिसलं, तेव्हा कॉफीच्या दुकानात कोण काय बोललं, आठवतंय?"

व्हर्लिनने गाडीचा वेग वाढवला.

"'ह्या खोगिरात माझ्या बायकोचा केक शिवलाय.' तू म्हणालास. सगळे खो खो हसले. ऑर्व्हल मागेच उभा होता. त्यानंतर तो कॉफीला आलेला पाहिलास कधी?"

"थट्टा होती गं ती."

"उद्या आपली होईल. मी नवे बूट घेतले तरी लोक त्यात आपापले पैसे मोजतील." ती त्याच्याकडे वळली. "आणि शेडमधलं जेवण व्हायच्या आधीच तू गेलास तर? मग केक कुणासाठी भाजू रे मी?"

घराचं वळण मागे टाकून व्हर्लिनने गाडी ऑर्व्हलच्या तबेल्यापाशी थांबवली. दोघंही उतरले.

"घोड्याचे नाल अजून चालतील," ऑर्व्हल म्हणाला.

"नालांसाठी नाही आलो." व्हर्लिनने टोपी काढली. "त्या खोगिरावरून मी बोललो होतो ना, ते चुकलं माझं."

ऑर्व्हलने कठड्यावरच्या खोगिरावरून हात फिरवला. "वडिलांचं आहे हे. दुखण्यात बसून होतो, तेव्हा घासून तेल लावलं. नवं नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमचं खाल्लं होतं रे," ऑर्व्हल म्हणाला. "कुठल्या तोंडाने बोलणार?"

व्हर्लिनने त्याचा हात घट्ट धरला. मग त्याने गाडी पुन्हा गावाकडे वळवली.

"गावातला दवाखाना असलेलाच घेऊ," तो म्हणाला. "उत्पन्नात तो अर्धा बैलही सांगू." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "अर्लिस, त्या दिवशी घोडी रेलली नव्हती."

"माहीत आहे मला. ग्रंथालय नंतर. आधी दवाखान्यापाशी थांबव."

"आत्ता? विमा तर जानेवारीपासून."

"आजचं बिल मी केक विकून भरीन," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि माझा केक कुठे शिवायचा, ते यावेळी मी ठरवीन."