नवव्या डावाची खालची चौकट

नववा डाव, वरचा अर्धा

"लिऑन, झोपलास काय रे? दोन बाद झाले."

फोनवर डेल. तो समोरच्या काचेच्या खोलीत बसून बेसबॉलच्या सामन्यांच्या घोषणा करतो.

"दिसतंय. तुझ्यासारखा पंख्याखाली नाही बसलो मी."

"अजून एक बाद, की आपले हॅमर्स जिंकले. मग उद्या स्टेडियम पाडायला बुलडोझर येऊ दे नाहीतर कोण येऊ दे. बीअर माझ्याकडून."

लिऑनने फोन ठेवला. धावफलकाच्या पोटातल्या लाकडी कोठडीत तो एकटाच होता. अर्धा डाव संपला की धावांची पाटी चौकटीत लावायची, पाहुण्या संघाची वर, हॅमर्सची खाली; जिथे पाटी लागलेली नसे, ती चौकट त्याची खिडकी. आता दोनच उरल्या होत्या.

पहिला डाव

फार वर्षांपूर्वी पोलाद गिरणीच्या संपात हाताला काम नव्हतं, म्हणून कामगारांनी हे स्टेडियम उभारलं. पाट्या गिरणीच्याच पत्र्याच्या. त्यावरची शून्यं लिऑनच्या बापाने रंगवली.

तिसरा डाव

प्रेक्षकांचा लाकडी सज्जा जळाला. पाट्या वाचल्या.

पाचवा डाव

गिरणी बंद. खेळाडू म्हणजे मोठ्या संघाच्या वाटेवरची पोरं. नावं पाठ होईपर्यंत निघून जात.

सहावा डाव

पाऊस.

सातवा डाव

मधल्या विश्रांतीत सगळे उभे राहून गातात. लिऑनची बायको बर्निस बसूनच राहायची. "मी एकदाच उठणार. घरी जायला," म्हणायची.

ती उठायची नवव्या डावाच्या खालच्या अर्ध्यात, यजमानांची शेवटची फलंदाजी सुरू झाली की. पिशवी घेऊन कुंपणाच्या कडेने फलकाकडे चालत यायची. खालच्या रिकाम्या चौकटीतून लिऑन तिला येताना बघायचा.

हॅमर्स आधीच पुढे असले तर तो अर्धा खेळतच नाहीत. मग वाटेवर गर्दी, आणि बर्निस गाडीत जाऊन बसलेली. "जिंकता कशाला रे मेल्यांनो?"

आठवा डाव

मार्चमध्ये बर्निस गेली.

नववा डाव, वरचा अर्धा (पुढे चालू)

पाहुण्यांचा एक खेळाडू तिसऱ्या तळावर. तो 'घरी', म्हणजे फलंदाजाच्या तळावर, पोचला की एक धाव आणि बरोबरी, आणि खालचा अर्धा खेळावाच लागणार.

"मार पोरा," लिऑन पाहुण्यांच्या फलंदाजाला हळूच म्हणाला. सगळ्या स्टेडियममध्ये असं म्हणणारा तो एकटा.

चेंडू उंच उडाला, थेट फलकाच्या दिशेने. हॅमर्सचा पोरगा मागे मागे सरकत आला आणि लिऑनच्या पायाखालीच त्याने तो झेलला.

लिऑनने वरच्या चौकटीत शून्य लावलं. फोन वाजला.

"फुली लाव की, म्हाताऱ्या. लोक फोटो काढतायत."

"लावतो."

"रडतोयस काय?"

"धूळ आहे इथं. ठेव फोन."

न खेळलेल्या अर्ध्यावर फुली लावायची रीत. ती पाटी हातात धरून लिऑन चौकटीतून बघत राहिला. लोक सगळे मैदानात उतरले होते, गवत उपटून खिशात भरत होते. कुंपणाकडेची वाट आज जिंकूनही मोकळी होती.

त्याने थोडी वाट पाहिली.

नववा डाव, खालचा अर्धा

फुली खिळ्यावर बसली, तसा कोठडीत अंधार झाला.